चार नंबरचं ओगराळं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते तळघर माझ्या डोक्यातून अजून रिकामं झालेलं नाही. बाकीच्या केसेस फायलीत गेल्या आणि तिथेच राहिल्या. ही एक मात्र गाडी चालवताना, दाढी करताना मधूनच वर येते आणि मग मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "पुन्हा येरझाऱ्या? म्हणजे ती मुलगी आठवली." तिचा अंदाज कधी चुकत नाही.

मी चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर नागपूरहून न्यू जर्सीत आलो. आमच्या ओळखीतली मुलं इंजिनिअर झाली, डॉक्टर झाली, मी पोलिसात गेलो. वडील दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नव्हते. पिस्कॅटवेच्या आसपासच्या एका गावात मी पेट्रोलमन, म्हणजे गस्तीचा शिपाई, म्हणून लागलो आणि पुढे अमली पदार्थांच्या तपासात डिटेक्टिव्ह झालो. खात्यात मराठी समजणारा मी एकटाच होतो आणि त्याचा मला फार तोरा होता. आपल्या लोकांमध्ये काही घडलं की लेफ्टनंट मलाच हाक मारायचा. आपली माणसं मला आरपार कळतात, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली. सकाळची हजेरी झाली होती, गाड्यांच्या किल्ल्या वाटून झाल्या होत्या आणि मी कॉफीचा पहिला घोट घेत होतो. डेस्कवरून फोन आला की एक भारतीय गृहस्थ आलेत आणि माझंच नाव घेताहेत.

बाहेर येऊन बघतो तर आमच्या इथल्या मराठी मंडळातलेच. वय पन्नाशीचं, जर्सी सिटीत एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम, सतत इस्त्रीचा शर्ट. मंडळाची स्वयंपाकाची सगळी भांडी त्यांच्या गॅरेजमध्ये असत. कार्यक्रमाला गाडी भरून आणायची, घासून परत न्यायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं होतं. त्यांना मी इथे घरमालक म्हणतो, कारण पुढे त्यांच्या घराचाच संबंध येतो.

"तुम्ही आहात म्हणून आलो हो," ते खुर्चीच्या काठावर बसून म्हणाले. "दुसऱ्या कुणाला काय सांगणार? तळघरातला बॉयलर लीक झालाय. गॅसवाल्याला फोन केला, तो आज दुपारी येतोय. म्हटलं जरा आवरून ठेवावं. वर्षभर मी तिकडे पाय टाकला नव्हता. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि अक्षरशः हादरलो. लाइट्स, कुंड्या, ती घाणेरडी झाडं! माझी टेनंट आहे ना, ती झाडांवरच पीएचडी करते. तळघराची एक की तिच्याकडे असते."

बोलताना ते शर्टाची बाही पुन्हा पुन्हा सरळ करत होते. सज्जन माणूस असा कावराबावरा होणारच, असं मी धरलं. पोलिसाच्या नोकरीत एक गोष्ट हमखास घडते: जो आधी येऊन सांगतो, त्याची गोष्ट आपला पाया होते आणि नंतरच्या सगळ्या विटा आपण त्यावरच रचतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. समोर आपल्यातला माणूस बसला होता, म्हणून मी ते लक्षात घेतलं नाही.

घरमालकांनी झडतीच्या संमतीपत्रावर सही केली, आम्ही वॉरंटही घेतलं आणि अकराच्या सुमारास चौघे जण त्या घरी पोचलो. माझी जोडीदार डिटेक्टिव्ह आयरिश वळणाची, नीटनेटकी, जप्तीची यादी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तळघराच्या पुढच्या भागात कपडे धुण्याचं मशीन आणि त्या मुलीच्या दोन बॅगा होत्या. मागच्या खोलीत भिंतींना चांदीसारखा कागद, छताला मोठे दिवे, आणि खाली सतरा कुंड्या. आठ लहान, नऊ मोठ्या. भिंतीवर कॉम्प्युटरवर छापलेला तक्ता: सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा, आणि प्रत्येक चौकोनात पेनची बरोबरची खूण.

गांजाची झाडं मी शेकड्यांनी पाहिली होती. ही मात्र आजारी दिसत होती. पानं खाली लोंबत होती, टोकं करपलेली, खालची पिवळी पडलेली, कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर. मला काय त्याचं? जिवंत असो की मेलेलं, कायद्याला झाडाशी मतलब. मी जोडीदाराला म्हटलं, "तू यादी कर," आणि वर जाऊन त्या मुलीची वाट बघत बसलो. यादी संध्याकाळी वाचली: दिवे, पंखा, खताच्या दोन बाटल्या, विद्यापीठाच्या हरितगृहाचं लेबल असलेली मातीची अर्धी पिशवी, तक्ता, सुपाचा डाव, एक. मी यादी वाचली, वस्तू बघितल्या नाहीत.

मुलगी साडेबाराला बसने आली. सव्वीस वर्षांची, सांगलीकडची, घरी द्राक्षबाग. कृषी महाविद्यालयातून पहिली येऊन इथे टोमॅटोच्या मुळांवर संशोधन करत होती. दारात गणवेशातली माणसं बघून तिने आधी विचारलं, "आग लागली का?"

ठाण्यावर आणून तिला हक्क वाचून दाखवले. वकील हवा का, विचारलं. "कशाला? मी काही केलंच नाहीये," ती म्हणाली. निरपराध माणूस हेच म्हणतो आणि सराईतही हेच म्हणतो. चौकशी मी मराठीत सुरू केली. टेप चालू होता.

"काका, मी फक्त लाँड्रीला खाली जाते. मागचं दार कायम लॉक असतं."

"वास नाही आला कधी?"

"आला ना. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, बाहेर स्कंक फिरतात, ते घाण वास सोडणारे प्राणी, थंडीत घराखाली घुसतात. मला काय माहीत स्कंकचा वास कसा असतो? मी येऊन दीड वर्षच झालंय."

"आणि मातीची पिशवी?"

"ती मीच दिली त्यांना. त्यांचा कढीपत्ता आजारी होता. पानांची टोकं जळतात, काय करू, असं विचारत होते. मी म्हटलं, खत बंद करा, नुसतं पाणी द्या, कुंडी बदला. आमच्याकडे उरलेली माती होती, ती आणून दिली."

मी घरमालकांना विचारलं. ते म्हणाले, "कढीपत्ता? आमच्याकडे कुठला कढीपत्ता?" आणि खरंच, त्यांच्या घरात तुळससुद्धा नव्हती. झालं, माझ्या लेखी ती खोटारडी ठरली.

तरी कबुली नव्हती. ती रडत होती, पण शब्दाला पक्की होती. मला बेचैनी असह्य होते. केस अर्धी लटकली की माझं जेवणात लक्ष लागत नाही. लेफ्टनंट म्हणायचा, तुझ्या बुटात कायम खडा असतो. तो खडा काढायला मी जी युक्ती केली, तिचा मला त्या आठवड्यात अभिमान वाटला. आता लिहितानाही लाज वाटते.

आमच्याकडे गुन्ह्याचं वजन झाडांच्या संख्येवर ठरायचं, आणि ज्याला जिवंत मुळं आहेत तेच झाड मोजलं जायचं. प्रयोगशाळेचा माणूस चार दिवसांनी येणार होता, तोवर झाडं मातीसकट टिकवायची होती. म्हणून सतरा कुंड्या आमच्या गॅरेजशेजारच्या मोकळ्या खोलीत खिडकीखाली ठेवल्या होत्या. पाणी घालायचं काम माझ्याकडे. मी कॉफीचा जग भरभरून ओतत होतो आणि झाडं आणखीच माना टाकत होती.

दुसऱ्या दिवशी तिला तुरुंगातून पुन्हा चौकशीला आणलं, तेव्हा मी मुद्दाम गॅरेजच्या बाजूने नेलं. खिशात छोटा टेप. त्या खोलीचं दार उघडं ठेवून मी काळजीच्या सुरात म्हणालो, "बघ गं, आम्हाला काही जमत नाही बुवा. मरतील बिचारी. काय झालंय यांना?"

ती थांबली. हातात बेड्या होत्या, तरी खाली वाकली. आणि तिचा आवाजच बदलला. रडका आवाज गेला, वर्गात समजावून सांगणारीचा आला.

"काका, पाणी कोण घालतंय? बुडवताय तुम्ही त्यांना! हे पान बघा, लोंबतंय पण हाताला भरीव लागतंय. तहानलेलं पान कागदासारखं मऊ पडतं. लोकांना वाटतं, सुकलं, घाला अजून पाणी. मुळांना हवाच मिळत नाही मग. कुंडी उचलून बघायची आधी. जड असेल तर हात लावायचा नाही." तिने बेड्यांसकट दोन्ही हातांनी एक लहान कुंडी उचलली. "ही बघा, दगड झालाय. आणि ती मोठी उचला."

मी उचलली. हलकी होती. मी काल पाणी घातलं होतं तरी.

"तिथे माती कडेने सुटलीय, पाणी बाजूने वाहून जातंय, मधे पोचतच नाही. ते पांढरं म्हणजे खताचं मीठ. त्यानेच टोकं जळतात. खत खूप आहे, पण झाडाला घेता येत नाही, म्हणून खालची पानं पिवळी. अजून खत घातलं तर अजून पिवळी. पण काका, हे काल-परवाचं नाहीये. महिनोन्महिने असंच चाललंय. ज्याने कोणी लावलीत ना, त्याला झाड दिसतच नाही, नुसतं माप दिसतं. लहान, मोठं, सगळ्यांना एकच."

एवढं बोलून ती क्षणभर हसलीसुद्धा. आपण कुणाला तरी उपयोगी पडलो, असं हसू. मी तिला "थँक्यू बेटा" म्हणालो आणि चौकशीच्या खोलीत नेऊन विचारलं, "कधी हात लावला नाहीस म्हणतेस, मग एवढं सगळं कसं माहीत?"

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "तुम्ही विचारलंत म्हणून," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती वकील हवा म्हणाली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सरकारी वकिलासाठी टेपचं इंग्रजी भाषांतर मीच केलं. दुसरं कोण करणार? पानांचं, पाण्याचं, खताचं सगळं ज्ञान मी तपशीलवार उतरवलं. शेवटची चार वाक्यं, महिनोन्महिने चाललंय, झाड दिसत नाही नुसतं माप दिसतं, ही मला फाफटपसारा वाटली. तिथे मी लिहिलं: 'आरोपी झाडांविषयी आणखी किरकोळ बोलते.' खाली सही ठोकली.

तिच्या जामिनाला उभं राहायला कुणी नव्हतं. घरी कळवायला ती तयार नव्हती. विद्यापीठाने पत्र काढून तिला प्रयोगशाळेत यायला बंदी केली. दोषी ठरली असती तर शिक्षा भोगून थेट परत पाठवणी, पुन्हा या देशात पाऊल नाही. द्राक्षबागेच्या बांधावरून इथवर आलेली मुलगी, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या त्या भाषांतराच्या दोन पानांवर टेकलेलं होतं.

केस पक्की झाली, लेफ्टनंटने पाठ थोपटली. बुटातला खडा मात्र निघाला नाही. गाडीत मी तो टेप लावायचो. एकदा, दोनदा, जाता-येता. 'महिनोन्महिने असंच चाललंय.' दर वेळी तिथे आलो की हात आपोआप बटणाकडे जायचा. जी मुलगी बेड्या घातलेल्या हातांनी कुंडी उचलून वजन बघते, ती महिनोन्महिने आपल्याच झाडांचे असे हाल होऊ देईल? जोडीदाराला विचारलं तर ती म्हणाली, "डॉक्टर लोक सिगारेट ओढत नाहीत का?" खरं होतं. पण मला ते पुरेना.

एका दुपारी मी विद्यापीठाच्या हरितगृहात गेलो. तिच्या टेबलावर टोमॅटोची रोपं होती. बरोबरीच्या एका विद्यार्थ्याने दाखवलं की प्रत्येक कुंडीला वेगळी चिठ्ठी आहे आणि पाणी द्यायच्या आधी ती प्रत्येक कुंडी उचलायची. "आम्ही तिला हसायचो," तो म्हणाला. "म्हणायचो, मुलांना कडेवर घेतेस काय?" ती नसल्यामुळे आता तेच पाणी घालत होते, आठवड्याच्या पाळीने, पाइप लावून. निम्मी रोपं आडवी झाली होती. मी तिथे फार वेळ थांबू शकलो नाही.

त्याच शनिवारी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, शाळेच्या कॅफेटेरियात. जायची इच्छा नव्हती, बायकोने ओढून नेलं. सगळीकडे त्याच मुलीची कुजबुज. "आपली मुलगी असून असं?" "शी, मंडळाचं नाव खराब." तिळगूळ झाला, जेवणाची रांग लागली. आमटीच्या पातेल्यापाशी घरमालक उभे होते, दर वर्षीसारखे. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, हातात उभ्या दांड्याचं ओगराळं. ते बुडवायचे, वर घ्यायचे, पातेल्याच्या काठावर घासून बरोबर काठोकाठ करायचे आणि समोरच्या वाडग्यात ओतायचे.

माझ्यापुढे एक चार वर्षांची पोर होती, हातात प्लॅस्टिकची एवढीशी वाटी. त्यांनी तिलाही भरलेलं ओगराळं ओतलं. आमटी वाटीतून ओसंडून तिच्या फ्रॉकवर गेली. तिने भोकाड पसरलं. तिची आई वैतागली, "अहो, एवढंसं द्यायचं ना तिला!" तिच्यामागे कॉलेजातला एक धिप्पाड मुलगा, हातात मोठा बाउल. "Uncle, थोडं more?"

"सगळ्यांना सारखं," घरमालक शांतपणे म्हणाले. "उरलं तर मग बघू." त्याच्या बाउलचा तळही झाकला नाही.

मी वाडगा हातात धरून तसाच उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "चला की राव पुढे!" त्या फ्रॉकवरच्या आमटीकडे बघून मला लहान कुंड्या आठवल्या, दगड झालेल्या. आणि मोठ्या, हलक्या.

माझ्या शेजारी भांडी मोजणाऱ्या काकू होत्या. त्या आपल्याच तंद्रीत कुरकुरत होत्या, "चार नंबरचं ओगराळं काही मिळत नाही बाई. पुण्याहून नावं घालून सहा आणली होती. गणपतीत मी स्वतः मोजून यांच्या गाडीत ठेवली, आता पाचच."

"अहो, कुणाच्या तरी घरी गेलं असेल," घरमालक पातेल्यातून मान वर न काढता म्हणाले.

मी जेवलो नाही. बायकोला मैत्रिणीबरोबर घरी यायला सांगितलं आणि थेट ठाण्यावर जाऊन मुद्देमालाची खोली उघडायला लावली. रजिस्टरमध्ये सही केली, पिशवी काढली. सुपाचा डाव, एक. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: मंडळाचं नाव, आणि पुढे ४. जोडीदाराला ते ओरखडे वाटले होते, तिचा काय दोष? ती अक्षरं वाचू शकणारा तिथे एकच माणूस होता आणि तो वर जाऊन सोफ्यावर बसला होता.

सोमवारी मी जोडीदाराला सगळं सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "हे ओगराळं त्या मुलीनेही गॅरेजमधून उचललेलं असू शकतं. आमटी वाढण्याची पद्धत हा पुरावा नाही." बरोबर बोलली. मग आम्ही तक्ता काढला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा. विद्यापीठाकडून त्या मुलीच्या कार्डाची नोंद मागवली: नऊ वाजता प्रयोगशाळेत आत, महिनोन्महिने, एखादा दिवस सोडला तर रोज. पुढचा फोन जोडीदाराने घरमालकांच्या जर्सी सिटीच्या ऑफिसला लावला. तिकडून उत्तर आलं, ते गृहस्थ मागच्या उन्हाळ्यापासून इथे कामाला नाहीत.

त्यांना बोलावलं, हक्क वाचून दाखवले. ते म्हणाले, विचारा, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मी ओगराळ्याचं काढलं नाही, ऑफिसचंही नाही. मोठ्या कुंड्यांचे आणि लहान कुंड्यांचे फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"कुणी लावली असतील ती असोत," मी म्हणालो, "पण काय हाल केलेत बघा. लहानांना बुडवून मारलं, मोठ्यांना उपाशी ठेवलं. झाडांतही भेदभाव. असल्या माणसाला काय म्हणायचं?"

त्यांचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर काठोकाठ मापून वाढलेल्या माणसाला मी नेमकं तिथेच डिवचलं होतं.

"भेदभाव?" ते उसळून म्हणाले. "एकालाही थेंब कमीजास्त नाही! प्रत्येकाला दोन, मोजून—"

आणि थांबले. मी ओगराळं टेबलावर ठेवलं, चारचा आकडा त्यांच्याकडे करून. त्यांनी त्याकडे बघितलं आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

पुढचं भराभर आलं. नोकरी गेली ते त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे, बायको कामाला गेली की परत यायचे. रिकामं घर खायला उठायचं. जुन्या ऑफिसातल्या एकाने हा उद्योग सुचवला, त्याच्याच ओळखीत माल जायचा. गॅसवाल्याने बॉयलर बघण्यासाठी मागचं दार उघडायला सांगितलं असतं, म्हणून आदल्या रात्रभर विचार करून ते माझ्याकडे आले. "ती झाडांचं शिकते," ते चाचरत म्हणाले. "सगळे तिच्यावरच संशय घेतील, असं वाटलं." मग हळूच म्हणाले, "तिने सांगितलं होतं मला, खत बंद करा म्हणून. मला पटलं नाही. बाटलीवर तर प्रमाण लिहिलेलं होतं."

त्यांच्या पत्नी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर त्यांचा जेवणाचा डबा. दुपारी ऑफिसला परस्पर जातील, म्हणून भरून आणला होता. त्यांना बातमी मी दिली. तेवढं काम मी दुसऱ्यावर ढकलू शकलो असतो, पण ढकललं नाही.

टेपचं भाषांतर मी पुन्हा केलं, या वेळी एकूण एक शब्द. लेफ्टनंटने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नव्हतं?" मी पहिल्या कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. आरोप मागे घेण्याच्या कागदावर सही झाली आणि अकराव्या दिवशी मुलगी सुटली. विद्यापीठाने तिला परत घेतलं. पण प्रयोगाची रोपं गेली होती, हंगाम गेला होता, पदवी वर्षभर लांबली.

मी माफी मागायला हरितगृहात गेलो. ती नव्या बियांचे ट्रे लावत होती. मी जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं बोललो. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"काका, मारलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत ना, मरतील बिचारी म्हणून. मला खरंच वाटलं, तुम्हाला त्यांची काळजी आहे. घरमालक काकांनीपण असंच विचारलं होतं, कढीपत्त्याचं. I just thought, लोकांना help हवी असते."

ट्रे लावून होईपर्यंत उभा राहिलो आणि निघालो.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी नव्या मुलांना तपास शिकवला. यादीवर जाऊ नका, वस्तू हातात घ्या. जो आधी आला त्याची गोष्ट शेवटी तपासा. आपला वाटतो त्याला दोनदा तपासा. एखाद्याला एखादी गोष्ट येते, याचा अर्थ ती त्याने केली असा होत नाही. हे सगळं मी त्या केसमधून शिकलो आणि ते खरंही आहे. एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही.

चार-पाच वर्षांनी, बहुतेक दोन हजार सात साली, मंडळाच्या गणपतीत ती पुन्हा दिसली. डॉक्टरेट झाली होती, चांगल्या नोकरीत होती. मी लांबूनच नमस्कार केला, तिने मान हलवली. तेवढ्यात भांडी मोजणाऱ्या काकू कागदावर ठेवलेलं एक पान घेऊन तिच्याकडे गेल्या. कढीपत्त्याचंच होतं. टोक करपलेलं, मी इतक्या लांबून ओळखलं.

"तू झाडांची डॉक्टर ना गं? बघ बाई, काय झालंय याला? रोज पाणी घालते, खत घालते, तरी मेलं जातंच आहे."

तिने पान हातात घेतलं. अंगठ्याने एकदा कुरवाळलं. मी वाट बघत होतो की आता ती म्हणेल, कुंडी उचलून बघा, काकू. तिने मान वर केली, काकूंच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे बघितलं आणि पान परत दिलं.

"मला नाही माहीत, काकू," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारा."